व्हीएम एका होस्टवरून दुसऱ्यावर नेताना स्टोरेजची नावं कशी जुळवायची: प्रॉक्समॉक्सवर नव्याने काम करणाऱ्यांसाठी

नागपुरात रिक्षावाल्याला 'बर्डी' म्हटलं काय आणि 'सीताबर्डी' म्हटलं काय, तो तुम्हाला एकाच ठिकाणी सोडतो. प्रॉक्समॉक्सला, म्हणजे एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला, एवढी समज नसते. व्हीएमच्या कॉन्फिग फाइलमध्ये डिस्कपुढे जे नाव लिहिलं असेल, अगदी तेच नाव तो नव्या होस्टवर (सर्व्हरवर) शोधतो. ते नाव तिथे नसेल तर काम सुरू होण्याआधीच थांबतं. नाव असेल पण त्यामागची जागा चुकीची असेल तर काम पुढे जातं आणि नंतर महागात पडतं. दुसरा प्रकार जास्त वाईट, म्हणून या लेखात त्यावर जास्त जागा खर्च केली आहे.

उदाहरण नागपुरातल्या कुठल्याही मध्यम ऑफिसात सापडेल असं घेऊ. दोन सर्व्हर एकाच क्लस्टरमध्ये आहेत (क्लस्टर म्हणजे एकत्र जोडलेले सर्व्हर, त्यातला प्रत्येक सर्व्हर म्हणजे नोड), त्यांची नावं तलावांवरून ठेवली आहेत. 'फुटाळा' जुना आहे. त्यावर एसएसडीवर 'लोकल-एलव्हीएम' आणि ४ टीबीच्या हार्ड डिस्कवर 'एचडीडी-डेटा' अशी दोन स्टोरेज आहेत, दोन्ही एलव्हीएम-थिन (डिस्कची जागा लागेल तशी वाटून देणारी लिनक्सची पद्धत) प्रकारची. 'अंबाझरी' नवा आहे. त्यावर झेडएफएस (अनेक डिस्क एकत्र सांभाळणारी वेगळी पद्धत) आहे: दोन एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कच्या मिररवर (दोन्हींवर एकच डेटा) 'लोकल-झेडएफएस' आणि दोन मोठ्या हार्ड डिस्कच्या मिररवर 'एचडीडी-झेडएफएस'. हलवायची आहे व्हीएम क्रमांक १०५. तिच्यात विंडोज सर्व्हर, त्यावर टॅली आणि ऑफिसची शेअर फोल्डरं आहेत. सी ड्राइव्ह १०० जीबी, डेटा ५०० जीबी.

कमांड इथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीत, सगळी अक्षरं लहान ठेवून टाइप करायच्या. डॅश, कोलन, स्वल्पविराम आणि स्पेस इथे आहेत तसेच ठेवायचे.

नाव कुठे लिहिलेलं असतं

फुटाळावर 'क्यूएम कॉन्फिग १०५' चालवा. येणाऱ्या ओळींमध्ये अशा दोन ओळी दिसतील:

एससीएसआय०: लोकल-एलव्हीएम:व्हीएम-१०५-डिस्क-०,साइझ=१००जी
एससीएसआय१: एचडीडी-डेटा:व्हीएम-१०५-डिस्क-०,साइझ=५००जी

या ओळी नीट वाचायला शिका, निम्मं काम तिथेच होतं. पहिला शब्द म्हणजे व्हीएमच्या आत डिस्क कुठल्या स्लॉटला लावली आहे ते. त्यानंतर दुसऱ्या कोलनपर्यंत स्टोरेजचं नाव. दुसऱ्या कोलननंतर त्या स्टोरेजमधल्या व्हॉल्यूमचं नाव. दोन्ही ओळींत व्हॉल्यूमचं नाव 'व्हीएम-१०५-डिस्क-०' असंच आहे आणि त्यात चूक काही नाही, कारण दोन्ही वेगवेगळ्या स्टोरेजमध्ये आहेत. पुढे दोन्ही डिस्क एकाच स्टोरेजवर गेल्या तर एकीचं नाव बदलून 'डिस्क-१' होईल. घाबरू नका, कॉन्फिगमध्येही ते आपोआप बदलतं.

स्टोरेजचं नाव म्हणजे नेमकं काय, हे '/ईटीसी/पीव्हीई/स्टोरेज.सीएफजी' या फाइलमध्ये ठरतं. नवखा माणूस हमखास इथे अडखळतो. ही फाइल पूर्ण क्लस्टरची मिळून एकच असते. फुटाळाची वेगळी, अंबाझरीची वेगळी असं नसतं. एका नोंदीत स्टोरेजचा प्रकार, नाव, मागचा व्हॉल्यूम ग्रुप (एलव्हीएमची जागा) किंवा पूल (झेडएफएसची जागा), त्यावर काय ठेवता येईल, आणि हवं असेल तर ते कोणत्या नोडवर आहे, एवढं लिहिलेलं असतं. 'नोड्स' ही ओळ नसेल तर प्रॉक्समॉक्स असं धरतो की हे स्टोरेज प्रत्येक नोडवर आहे. ते खरंच आहे की नाही, हे तो नोंद करताना तपासत नाही.

आधी क्लस्टरमधला गोंधळ निस्तरा

अंबाझरीवर प्रॉक्समॉक्स टाकताना झेडएफएस निवडलं, तेव्हा इन्स्टॉलरने 'लोकल-झेडएफएस' स्वतःच बनवलं होतं. मग अंबाझरीला फुटाळाच्या क्लस्टरमध्ये जोडलं आणि ते यादीतून गायब झालं. त्याच्या जागी 'लोकल-एलव्हीएम' दिसतं आणि त्यावर प्रश्नचिन्ह असतं. डिस्क गेली की काय, असं वाटून अनेकांच्या पोटात गोळा येतो. डिस्क जागेवरच असते. क्लस्टरमध्ये येणाऱ्या नोडची स्टोरेज फाइल पुसली जाऊन तिथे क्लस्टरची फाइल येते, एवढंच झालेलं असतं. (येणाऱ्या नोडवर एकही व्हीएम नसावी, ही अट असते, त्यामागचं एक कारण हेच.)

'झेडएफएस लिस्ट' चालवून पूल आहे याची खात्री करा. 'आरपूल/डेटा' दिसलं पाहिजे. मग वेब इंटरफेसमध्ये डेटासेंटर, स्टोरेज, ॲड, झेडएफएस. आयडी 'लोकल-झेडएफएस', पूल 'आरपूल/डेटा', कंटेंटमध्ये डिस्क इमेज आणि कंटेनर, नोड्समध्ये फक्त अंबाझरी. 'थिन प्रोव्हिजन'वर टिक करायला विसरू नका. टिक नसेल तर ५०० जीबीची डिस्क बनताच झेडएफएस पूर्ण ५०० जीबी राखून ठेवतं, आत डेटा ६० जीबी असला तरी.

'एचडीडी-झेडएफएस' असंच जोडा. त्यानंतर उलट बाजूचं काम: 'लोकल-एलव्हीएम' आणि 'एचडीडी-डेटा' या दोन्ही नोंदी एडिट करून नोड्समध्ये फक्त फुटाळा ठेवा. प्रश्नचिन्हं निघून जातील. ही पायरी लोक 'चालतंय की' म्हणून सोडून देतात. सोडू नका. खोटी नोंद राहिली तर मायग्रेशनच्या (व्हीएम हलवण्याच्या) खिडकीत ते स्टोरेज उगाच समोर येत राहतं.

दोनच नोडच्या क्लस्टरमध्ये हे सगळं करताना दोन्ही नोड चालू असले पाहिजेत. एक बंद असेल तर कोरम (निर्णयासाठी लागणारं नोडचं बहुमत) जातो आणि '/ईटीसी/पीव्हीई' फक्त वाचता येतं, त्यात काही लिहिता येत नाही. मग एडिट का होत नाही हे शोधण्यात तास जातो.

फसवणारे शॉर्टकट

पहिला म्हणजे 'शेअर्ड'ची टिक. डिरेक्टरी प्रकारच्या स्टोरेजला 'शेअर्ड' असा पर्याय असतो. नाव वाचून वाटतं की टिक केली की ते दोन्ही नोडवर दिसायला लागेल. ती टिक प्रॉक्समॉक्सला एवढंच सांगते की ही जागा दोन्हीकडून एकच आहे, डेटा कॉपी करायची गरज नाही. समजा फुटाळावर आणि अंबाझरीवर '/एमएनटी/डेटा' नावाची दोन वेगळी फोल्डरं आहेत आणि तुम्ही शेअर्ड टिक केलं. प्रॉक्समॉक्स विश्वास ठेवतो, डिस्क कॉपी करतच नाही, आणि अंबाझरीवर डिस्कच नसते. शेअर्ड हा शब्द एनएफएस, सेफ अशा नेटवर्कवरच्या, खरोखर सामायिक स्टोरेजसाठीच वापरा.

दुसरा म्हणजे एकाच जागेला दोन नावं. 'आरपूल/डेटा'लाच 'लोकल-झेडएफएस' आणि वर आणखी 'फास्ट' असं दुसरं नाव दिलं की तात्पुरतं सोयीचं वाटतं. पण प्रत्येक व्हॉल्यूम दोन्हीकडे दिसायला लागतो. व्हीएमच्या कॉन्फिगमध्ये त्यातलं एकच नाव असतं. दुसऱ्या नावाखाली तीच डिस्क 'कोणाचीच नाही' अशी दिसते आणि कोणीतरी साफसफाईच्या भरात ती उडवतं. एका जागेला एकच नाव.

तिसरा डिरेक्टरी स्टोरेजचाच. ज्या डिस्कवर ते फोल्डर आहे ती माउंटच झाली नसेल (म्हणजे सिस्टिमला जोडलीच गेली नसेल), तर फोल्डर रिकामं का होईना पण असतं, आणि मायग्रेशनचा डेटा सरळ रूट डिस्कवर (जिच्यावर प्रॉक्समॉक्स स्वतः असतो) जाऊन ती भरते. रूट भरली की नोड आडवा. अशा नोंदीत 'इज-माउंटपॉइंट' हा पर्याय चालू ठेवा (फाइलमध्ये त्या नावात डॅशऐवजी अंडरस्कोर असतो). मग डिस्क माउंट नसेल तर स्टोरेज ऑफलाइन दिसेल, चुकीच्या जागी लिहिलं जाणार नाही.

कागदावर जुळवणी

वही घ्या, नाहीतर एक्सेल शीट. प्रत्येक डिस्कसाठी एक ओळ: स्लॉट, आताचं स्टोरेज, त्याचा प्रकार, साइझ, नवं स्टोरेज, त्याचा प्रकार. व्हीएम १०५ साठी:

एससीएसआय०, लोकल-एलव्हीएम, एलव्हीएम-थिन, १०० जीबी, लोकल-झेडएफएस, झेडएफएस.
एससीएसआय१, एचडीडी-डेटा, एलव्हीएम-थिन, ५०० जीबी, एचडीडी-झेडएफएस, झेडएफएस.

मग 'क्यूएम कॉन्फिग'च्या बाकी ओळींवर नजर फिरवा, कारण अडचण बहुतेक वेळा मोठ्या डिस्कची नसते. आयडीई२ मध्ये विंडोजची किंवा व्हर्टआयओची (व्हीएमसाठीच्या ड्रायव्हरची) आयएसओ, म्हणजे सीडीची इमेज फाइल, अजून लावलेली असते, आणि ती 'लोकल' स्टोरेजवर असते. तेवढ्या कारणावरून मायग्रेशन नाकारलं जातं. सीडी ड्राइव्हला 'डू नॉट यूज एनी मीडिया' करून टाका.

'अनयूज्ड०' अशी ओळ असेल तर ती जुनी सोडलेली डिस्क आहे. ती चालत्या व्हीएमला लावलेली नसल्यामुळे लाइव्ह (व्हीएम चालू असतानाच्या) कॉपीत येत नाही, तिला वेगळ्या मार्गाने न्यावं लागतं आणि तिथेच गाडी अडते. तिच्यात काय आहे ते बघा. नको असेल तर काढून टाका.

'टीपीएमस्टेट०' दिसलं तर थांबा. टीपीएमची (व्हीएमच्या आभासी सुरक्षा चिपची) ही छोटीशी डिस्क क्यूईएमयूच्या (व्हीएम प्रत्यक्ष चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) बाकी डिस्कांसारखी नसते, त्यामुळे चालत्या व्हीएमच्या मिररमध्ये ती धरली जात नाही. एलव्हीएमवरून झेडएफएसवर जाताना तिच्यासाठी सरळ उपाय असा: व्हीएम बंद करा, 'मूव्ह डिस्क'ने ती एनएफएससारख्या खऱ्या शेअर्ड स्टोरेजवर न्या, व्हीएम पुन्हा चालू करा, मग बाकी मायग्रेशन. शेअर्डवर असल्यामुळे तिची कॉपी करावीच लागत नाही. सगळं झाल्यावर पुन्हा व्हीएम बंद करून ती लोकल-झेडएफएसवर आणता येते.

स्नॅपशॉट (व्हीएमची एका क्षणी जपून ठेवलेली अवस्था): 'क्यूएम लिस्टस्नॅपशॉट १०५'. लोकल डिस्कवर स्नॅपशॉट असताना लाइव्ह स्टोरेज मायग्रेशन होत नाही. आधी व्हीझेडडम्पने (प्रॉक्समॉक्सच्या बॅकअपच्या साधनाने) बॅकअप घ्या, तो एकदा दुसऱ्या क्रमांकाने रिस्टोअर करून उघडतोय का बघा, मग स्नॅपशॉट डिलीट करा. क्रम उलटा करू नका.

आता नव्या बाजूची तपासणी. अंबाझरीवर 'पीव्हीईएसएम स्टेटस' चालवा. दोन्ही नवी स्टोरेज 'ॲक्टिव्ह' दिसली पाहिजेत. आकडे केआयबीमध्ये (१०२४ बाइटच्या एककात) असतात, जीबीमध्ये नव्हे, शून्यं मोजताना गडबड होते. शिल्लक जागा डिस्कच्या पूर्ण साइझपेक्षा जास्त हवी, आत किती भरलंय त्यापेक्षा नाही. कारण कॉपी होताना रिकामा भागही लिहिला जाऊ शकतो. आणि कंटेंटमध्ये 'इमेजेस' आहे ना, ते बघा. नव्या इन्स्टॉलवर 'लोकल'ला आयएसओ, टेम्प्लेट, बॅकअप अशा गोष्टी ठेवायची परवानगी असते, व्हीएमच्या डिस्कची नसते. तिथे व्हीएमची डिस्क पाठवायला गेलात तर 'कंटेंट टाइप इमेजेस उपलब्ध नाही' अशा अर्थाचा संदेश येतो.

बंद करून हलवावं की चालू ठेवून?

मनाला वाटतं, बंद करून हलवणं सुरक्षित. एकाच प्रकारच्या स्टोरेजमध्ये ते बरोबरही आहे. पण आपल्या उदाहरणात एलव्हीएम-थिनवरून झेडएफएसवर जायचंय, आणि इथे बंद व्हीएम हलत नाही. 'एलव्हीएमथिनवरून झेडएफएसपूलवर मायग्रेट करता येत नाही' असा संदेश येतो आणि माणूस नावांच्या जुळवणीतच चूक शोधत बसतो.

कारण असं. व्हीएम बंद असताना प्रॉक्समॉक्स स्टोरेजच्या स्वतःच्या साधनाने डिस्क पाठवतो. झेडएफएसला झेडएफएस सेंडचा प्रवाहच घेता येतो, एलव्हीएम-थिन मात्र कच्चे ब्लॉक पाठवतं. दोघांची भाषा जुळत नाही. व्हीएम चालू असताना कॉपी क्यूईएमयू स्वतः करतो. तो अंबाझरीवर रिकामी डिस्क बनवतो, नेटवर्कवरून ब्लॉकमागून ब्लॉक मिरर करतो, आणि मागे काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. म्हणून वेगळ्या प्रकारच्या स्टोरेजमध्ये चालू व्हीएम हलते आणि बंद व्हीएम अडते.

चालू ठेवणं शक्यच नसेल तर बॅकअप-रिस्टोअरचा रस्ता आहे. रिस्टोअर करताना एकच स्टोरेज निवडता येतं, सगळ्या डिस्क तिथेच जातात. मग 'क्यूएम डिस्क मूव्ह १०५ एससीएसआय१ एचडीडी-झेडएफएस' करून एकेक डिस्क योग्य जागी न्यायची. वेळ जास्त लागतो, पण हा मार्ग क्वचितच दगा देतो.

प्रत्यक्ष कमांड

वेब इंटरफेसमधल्या 'मायग्रेट' खिडकीत टार्गेट स्टोरेजला 'करंट लेआउट' असतं, म्हणजे जुनंच नाव. बदलून एक नाव निवडता येतं, पण ते एकच. लोकल-झेडएफएस निवडलंत की १०० जीबीची सी ड्राइव्ह आणि ५०० जीबीचा डेटा दोन्ही एनव्हीएमईवर जाऊन बसतात. दोन डिस्क दोन ठिकाणी न्यायच्या तर कमांड लाइनच लागते.

फुटाळावर लॉगिन करा. आधी 'टीमक्स' (कनेक्शन तुटलं तरी कमांड चालू ठेवणारं साधन) चालू करा, नाहीतर लॅपटॉप झोपला किंवा वायफाय गेलं की कमांडही मधेच तुटते. मग एका ओळीत:

क्यूएम मायग्रेट १०५ अंबाझरी --ऑनलाइन --विथ-लोकल-डिस्क्स --टार्गेटस्टोरेज लोकल-एलव्हीएम:लोकल-झेडएफएस,एचडीडी-डेटा:एचडीडी-झेडएफएस

कोलनच्या डावीकडे जुनं नाव, उजवीकडे नवं. जोड्यांमध्ये स्वल्पविराम, पण स्पेस नाही. स्पेस पडली की पुढचा भाग वेगळा शब्द धरला जातो. या एका पर्यायाचे आणखी काही प्रकार माहीत असू द्या. नुसतं एक नाव दिलं तर सगळ्या डिस्क तिथे. फक्त '१' दिलं तर प्रत्येक डिस्क त्याच नावाच्या स्टोरेजवर. जोड्यांसोबत एखादं सुटं नाव दिलं तर जोडीत नसलेल्या सगळ्या डिस्क त्या सुट्या नावावर जातात. आणि एखादं जुनं नाव यादीत लिहायलाच विसरलात, सुटं नावही दिलं नाही, तर त्या डिस्कसाठी जुनंच नाव गृहीत धरलं जातं. आपण सुरुवातीलाच 'नोड्स'च्या नोंदी नीट केल्या, त्याचा फायदा इथे मिळतो: जुनं नाव अंबाझरीवर नसल्यामुळे काम लगेच थांबतं, 'अंबाझरीवर हे स्टोरेज उपलब्ध नाही' असं सांगून. नोंद तशीच उघडी ठेवली असती आणि अंबाझरीवर योगायोगाने त्या नावाचा व्हॉल्यूम ग्रुप असता, तर डिस्क गुपचूप तिथे गेली असती.

एक अट मोठी आहे. व्हीएम एचएमध्ये (हाय अव्हेलेबिलिटी, म्हणजे नोड बंद पडला तर व्हीएम दुसऱ्यावर आपोआप चालू करणारी सोय) असेल तर 'क्यूएम मायग्रेट' हे काम एचए मॅनेजरकडे सोपवतो आणि तुमची जुळवणी त्याच्यापर्यंत पोचतच नाही. आधी व्हीएम एचएमधून काढा, हलवा, मग परत घाला. रेप्लिकेशन जॉब (डिस्कची प्रत ठरावीक वेळाने दुसऱ्या नोडवर पाठवणारं काम) असेल तर तोही आधी काढा. रेप्लिकेशनला दोन्ही बाजूंना त्याच नावाचं झेडएफएस लागतं, वेगळ्या नावावर ते जमत नाही.

किती वेळ, कुठे तापतं

१ जीबीपीएस नेटवर्कवर प्रत्यक्षात साधारण ११० एमबी प्रति सेकंद मिळतात. ६०० जीबीला दीड तास धरा. दोन्ही सर्व्हर एकाच रॅकमध्ये असतील तर १० जीबीपीएसची थेट केबल टाकून डेटासेंटरच्या ऑप्शन्समध्ये मायग्रेशनसाठी ते नेटवर्क निवडता येतं. तरी ५०० जीबीची डिस्क हार्ड डिस्कवर असल्यामुळे तिचा वेग हार्ड डिस्कच्या वेगाएवढाच राहील.

ऑफिसच्या वेळेत करायचंच असेल तर '--बीडब्ल्यूलिमिट' लावा, आकडा केआयबी प्रति सेकंदमध्ये असतो. ६०००० म्हणजे साधारण ६० एमबी. टॅलीवाल्यांना फरक कळणार नाही.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे लक्षात घ्या. रात्री ऑफिस बंद करताना एसीही बंद होतो आणि त्याच रात्री तुम्ही दीड तास डिस्क सतत घासायला लावता. त्या रात्री एसी चालू ठेवा, 'स्मार्टसीटीएल'ने डिस्कचं तापमान मधूनमधून बघा. आणि सर्व्हरच्या खोलीत डेझर्ट कूलर कधीच नको. बैठकीच्या खोलीत तो चांगला, पण त्याची ओल मशीनच्या आत जाते. जूनच्या सुरुवातीला वादळ आलं की लाइट जाते, तेव्हा यूपीएसची बॅटरी किती मिनिटं टिकते हे आधी माहीत असावं.

चालू असताना स्क्रीनवर आधी प्रत्येक डिस्कच्या मिररची टक्केवारी दिसते, मग 'सगळे मिरर जॉब तयार' अशा अर्थाची ओळ, त्यानंतर रॅमची कॉपी, आणि शेवटी क्षणभर थांबून व्हीएम अंबाझरीवर पुढे चालू. रॅमच्या टप्प्यापर्यंत व्हीएम फुटाळावरच चालत असते. मधे नेटवर्क तुटलं तर ती जुन्या जागीच चालत राहते, डेटा जात नाही.

मधेच तुटलं तर

व्हीएमवर 'मायग्रेट' असं कुलूप राहतं. लगेच 'क्यूएम अनलॉक १०५' मारू नका. आधी खात्री करा की दोन्ही नोडच्या टास्क यादीत मायग्रेशनचं काम चालू नाही. मग बघा की १०५ ची कॉन्फिग फाइल '/ईटीसी/पीव्हीई/नोड्स' खाली कोणत्या नोडच्या फोल्डरात आहे. ज्याच्या फोल्डरात फाइल, त्याची व्हीएम. यात शंका राहिली नाही की मगच अनलॉक.

अंबाझरीवर अर्धवट डिस्क मागे राहू शकते. 'पीव्हीईएसएम लिस्ट लोकल-झेडएफएस --व्हीएमआयडी १०५' चालवा, 'एचडीडी-झेडएफएस'साठीही चालवा. जे व्हॉल्यूम दिसतील त्यांची नावं सध्याच्या कॉन्फिगमधल्या ओळींशी एकेक करून पडताळा. कॉन्फिगमध्ये नसलेलाच व्हॉल्यूम 'पीव्हीईएसएम फ्री' करा. इथे घाई केली तर परत काही मिळत नाही.

हलल्यानंतर

पुन्हा 'क्यूएम कॉन्फिग १०५'. वहीतली उजवी बाजू आणि या ओळी जुळल्या पाहिजेत. यशस्वी मायग्रेशननंतर फुटाळावरच्या जुन्या डिस्क आपोआप काढल्या जातात, म्हणून आधीचा बॅकअप किमान आठवडाभर ठेवा.

५०० जीबीच्या डिस्कने आत ६० जीबी असताना पूर्ण जागा खाल्ली, असं दिसू शकतं, कारण मिररने रिकामा भागही लिहिला. डिस्कच्या ओळीत 'डिस्कार्ड=ऑन' करा, व्हीएम एकदा पूर्ण बंद करून चालू करा, मग विंडोजमध्ये 'ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज' चालवा. लिनक्स असेल तर 'एफएसट्रिम -एव्ही'. जागा मोकळी होताना 'झेडएफएस लिस्ट'मध्ये दिसेल. व्हीएममध्ये गेस्ट एजंट (व्हीएमच्या आत चालणारा मदतनीस प्रोग्राम) असेल तर त्याच्या ऑप्शनमध्ये डिस्क हलल्यावर ट्रिम करण्याची (रिकामी जागा परत देण्याची) सोय आहे. ती चालू ठेवा म्हणजे पुढच्या वेळी आठवण ठेवावी लागणार नाही.

कारखाना बुटीबोरीत असेल तर

बर्डीतलं ऑफिस आणि शहराबाहेर बुटीबोरीतला कारखाना एकाच क्लस्टरमध्ये घालू नका. क्लस्टरला ५ मिलिसेकंदांच्या आतली, न तुटणारी लाइन लागते, आणि साधं ब्रॉडबँड तशी खात्री देत नाही. दोन वेगळ्या क्लस्टरसाठी 'क्यूएम रिमोट-मायग्रेट' आहे. ती सुविधा प्रायोगिक असल्याचं प्रॉक्समॉक्स स्वतः सांगतं, तेव्हा आधी बिनमहत्त्वाच्या व्हीएमवर करून बघा. जुळवणीची लेखनपद्धत तीच, फक्त पर्यायाचं नाव '--टार्गेट-स्टोरेज', मधे डॅश. सोबत '--टार्गेट-ब्रिज' द्यावं लागतं, कारण नेटवर्क ब्रिजची नावंही दोन्हीकडे वेगळी असतात. पलीकडच्या बाजूचं एपीआय टोकन आणि सर्टिफिकेटचं फिंगरप्रिंट लागतं, पोर्ट ८००६ व्हीपीएनमधून उघडा हवा. जुनी व्हीएम न पुसता बंद स्थितीत मागे राहते, '--डिलीट' दिलं तरच जाते. पहिल्यांदा देऊ नका. आणि ती चुकून चालू करू नका, एकाच आयपीची दोन टॅली मशीन एका व्हीपीएनवर आली की हिशोबाचा विचका होतो.

१०० एमबीपीएस लाइनवर १०० जीबीलाच जवळपास अडीच तास लागतात, ६०० जीबीला पंधरा. शनिवारी संध्याकाळी ऑफिस बंद झाल्यावर टॅली बंद करून व्हीझेडडम्प बॅकअप पोर्टेबल एसएसडीवर घ्यायचा, वर्धा रोडने बुटीबोरीला न्यायचा आणि तिथे रिस्टोअर करायचा, हे बऱ्याचदा लवकर होतं. तिथे रिस्टोअरच्या खिडकीत स्टोरेजचं नाव 'फ्रॉम बॅकअप कॉन्फिगरेशन' असं आपोआप निवडलेलं असतं. ते बर्डीचं नाव आहे, बुटीबोरीत नसणार. तिथलं नाव स्वतः निवडा.